शिडाच्या लहान होडीसाठी पाण्यातून वर येण्याची शिडी कोणती घ्यावी?

शिडाचा नवशिका (इंदूर)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्याकडे सुमारे पाच मीटर लांबीची, फायबरग्लासची, मोठे शीड आणि पुढचे लहान शीड अशी दोन शिडे असलेली जुनी होडी आहे. तीन वर्षांपूर्वी ती मी मुंबईहून वापरलेली विकत घेतली. एरवी ती इंदूरला आमच्या अंगणात ट्रेलरवर झाकून ठेवलेली असते आणि वर्षातून सात-आठ वेळा, रीतसर परवानगी घेऊन, आम्ही ती नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर हनुवंतियाच्या बाजूला नेतो. सुकाणू मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, मधोमध बाहेरून टांगलेले आहे; त्याच्या डावीकडे लहान इंजिनाचा ब्रॅकेट आहे; उजवीकडे साधारण ४५ सेंटिमीटर जागा मोकळी राहते.

गेल्या डिसेंबरमध्ये दुपारी वारा पूर्ण पडला म्हणून मी शिडे उतरवली आणि पोहायला पाण्यात उतरलो. दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा काठ हाताला लागत होता, पण छातीच्या वर शरीर काही उचलले जाईना. जोर लावला की पाय होडीच्या पोटाखाली जात आणि जीवरक्षक जाकिटाचे पुढचे बक्कल काठाखाली अडकून बसे. पत्नीने मनगट धरून ओढायचा प्रयत्न केला, तर होडी माझ्या बाजूला इतकी कलली की तीच पाण्यात येते की काय असे वाटले. शेवटी तिने पुढच्या शिडाची दोरी खुंटीला बांधून तिचा एक फास खाली सोडला, त्यात मी पाय घातला आणि कसाबसा पोटावर सरपटत आत आलो. या सगळ्यात वीस मिनिटे गेली. माझे वय बावन्न, वजन ब्याऐंशी किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी उचलतानाही खांदे ठणकत होते.

तेव्हापासून "शिडाच्या होडीला आधी शिडी आणा" असे घरातून रोज ऐकतो आहे. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: गुंडाळून ठेवता येणारी दोरीची शिडी, काठावर आकड्याने अडकवायची घडीची शिडी, आणि ट्रान्समला कायमची बसवायची, नळीत नळी सरकणारी स्टीलची शिडी. सियागंजातील एका दुकानदाराने तरणतलावाची शिडी कापून देण्याचीही तयारी दाखवली. होडीचा काठ मागे पाण्यापासून ४८ सेंटिमीटर आणि मध्यभागी बाजूला ५५ सेंटिमीटर उंच आहे. काय घ्यावे, आणि ३०४ दर्जाचे स्टील पुरेल की ३१६ लागेल, याविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाणकावळा (मुंबई, मूळचा रामबाग, इंदूर)

दुकानात शिडी पाहताना आपण ती नेहमी वरून पाहतो: किती चकचकीत आहे, घडी किती लहान होते, जागा किती अडवते. प्रत्यक्षात ती वापरणारा माणूस खाली पाण्यात असतो, दमलेला असतो आणि त्याला होडीचा फक्त काठ दिसत असतो. म्हणून पहिली कसोटी अशी ठेवा की होडीवर दुसरे कोणी नसताना पाण्यातल्या माणसाला ती शिडी स्वतः उघडता आली पाहिजे. युरोपीय संघाच्या क्रीडानौकांविषयीच्या २०१३ च्या निर्देशात ही अट शब्दशः आहे आणि ती उगीच घातलेली नाही. तुमच्या प्रसंगात पत्नी होडीत होत्या आणि त्यांना फास सोडण्याचे सुचले. तुम्ही एकटे असता तर काय झाले असते, हे तुम्हीच ताडून पाहा.

या एका कसोटीवर तुमचे दोन पर्याय मागे पडतात. आकड्याची घडीची शिडी बहुतेक वेळा आसनाखालच्या कप्प्यात पडलेली असते, आणि कप्प्यातली शिडी पाण्यातल्या माणसाच्या उपयोगाची नसते. तळ्यात नांगर टाकून पोरासोरांनी डुंबायचे असेल तेव्हा ती चांगली, कारण पाण्यात उतरण्याआधीच आपण ती लावून ठेवतो. दोरीच्या शिडीचा दोष वेगळा आहे. तिच्या पायरीवर वजन टाकले की पायरी होडीच्या पोटाखाली सरकते, माणूस पाठीवर झुकतो आणि सगळा भार हातांवर येतो. म्हणजे तुम्हाला डिसेंबरमध्ये जे झाले तेच पुन्हा, फक्त पैसे खर्चून. डोंगरातल्या गुहांमध्ये उतरणारे लोक अशी शिडी समोरून न चढता तिच्या कडेने, टाच मागून पायरीत अडकवून चढतात, त्यामुळे ती अंगाजवळ राहते. ही युक्ती येते, पण भिजलेल्या आणि घाबरलेल्या माणसाला ती त्या क्षणी आठवेल यावर मी विसंबणार नाही.

आता लांबी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अमेरिकेतील एबीवायसी या संस्थेच्या मानकात सर्वांत खालची पायरी पाण्याच्या पृष्ठभागाखाली किमान २२ इंच, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर, असावी असे सांगितले आहे. कारण साधे आहे: पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला गुडघा छातीपर्यंत न आणता पाय ठेवता आला पाहिजे. तुमचा मागचा काठ ४८ सेंटिमीटर, त्यात ५६ मिळवले की १०४ झाले. बाजारात तीन पायऱ्यांची म्हणून मिळणारी ८५ सेंटिमीटरची शिडी घेतलीत तर शेवटची पायरी पाण्याखाली जेमतेम ३७ सेंटिमीटर जाईल आणि तुम्ही ब्याऐंशी किलो घेऊन गुडघ्यावर चढायचा प्रयत्न करत राहाल. चार पायऱ्यांची, सुमारे ११० सेंटिमीटरची शिडी तुम्हाला हवी. उंची मोजताना होडी पाण्यात, नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह असू द्या. अंगणात ट्रेलरवर मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

ती बाजूला न लावता मागेच लावा. पाच मीटरच्या हलक्या होडीच्या बाजूला मोठा माणूस लटकला की होडी कलते, हे तुम्ही अनुभवले आहेच. समुद्रात मागच्या बाजूचा तोटा असा की लाटेवर ट्रान्सम वर जाऊन दाणकन खाली येतो आणि डोक्याला लागू शकते. तिथे मोठ्या नौकांवर मधली बाजू पसंत करण्याला कारण आहे. मात्र इंदिरा सागरही लहान डबके समजू नका. भरल्यावर त्याचे पाणी सुमारे ९१३ चौरस किलोमीटरवर पसरते आणि उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर जे वादळी वारे सुटतात त्यांत तिथे चांगल्या लाटा उठतात. अशा वेळी पोहायला उतरूच नये. पण कोणी पडलेच तर मोठे शीड आधी पूर्ण सैल सोडून, इंजिन बंद करून, मगच त्याला शिडीकडे बोलवावे. इंजिन नुसते न्यूट्रलवर ठेवून चालणार नाही, कारण तुमच्या शिडीपासून पंखा हातभरच दूर असणार आहे.

टिटवी (इंदूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या चर्चेत ब्याऐंशी किलोच्या पुरुषाचाच विचार चालला आहे. माझी उंची पाच फूट आहे आणि उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. माझ्यासारखीला शिडी किती वजन पेलते याच्याशी फारसे कर्तव्य नसते; दोन पायऱ्यांत अंतर किती आणि वर पोचल्यावर हाताला धरायला काय, हे महत्त्वाचे असते. तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असलेली शिडी मला नको वाटते. पायऱ्या गोल नळीच्या असतील तर अनवाणी तळव्याला त्या इतक्या रुततात की तिसऱ्या पायरीपर्यंत माणूस पाय उचलायलाच तयार होत नाही. निदान पाच सेंटिमीटर रुंदीची, वर खरबरीत प्लॅस्टिक बसवलेली सपाट पायरी मागा.

शिडी संपल्यावरचे दोन हात सर्वांत अवघड असतात, हे कोणी सांगत नाही. पायरीवर पाय आहे, कंबर काठाच्या पातळीवर आली आहे, आणि आता धरायचे काय? बहुतेक जण सुकाणूचा दांडा धरतात, आणि सुकाणू फिरते. शिडीच्या दोन्ही बाजूंचे दांडे काठाच्या वर वीत-दीड वीत आलेले असावेत किंवा आतल्या बाजूला पक्की मूठ बसवावी. मी स्वतः मुठीच्या बाजूने मत देईन, कारण उंच दांडे उभे राहिले की होडी वळवताना मोठ्या शिडाची दोरी त्यांच्यावर हमखास अडकते. आमच्या होडीवर असे एकदा झाले. दोरी सोडवेपर्यंत आम्ही वाऱ्याकडे तोंड करून नुसते डुलत उभे होतो आणि काठावरची गुरे राखणारी मुले हसत होती.

घेण्याआधी एक प्रयोग करून पाहा. तरणतलावाच्या खोल टोकाला, तिथल्या जीवरक्षकाला सांगून, जाकीट घालून पाण्यात उतरा आणि शिडी न वापरता काठावर चढून पाहा. तिथला काठ पाण्यापासून फारच कमी उंच असतो. तरीही ज्याला जमणार नाही त्याने होडीवर शिडीशिवाय पोहायला उतरूच नये. घरातल्या प्रत्येकाला हे करायला लावा. आमच्याकडे सर्वांत आधी हार मानली ती रोज व्यायामशाळेत जाणाऱ्या माझ्या भाच्याने.

वेल्डिंगची ठिणगी (सांवेर रोड, इंदूर)

मला होडीतले काही कळत नाही. स्टीलमधले कळते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. आमच्याकडे मुख्यतः दुधाच्या टाक्या आणि औषध कारखान्यांची भांडी तयार होतात.

३०४ मध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे ते मिठाच्या पाण्यात टिकते. नर्मदेच्या गोड्या पाण्यासाठी ३०४ पुरेसे आहे; होडी कधी समुद्रावर न्यायची असेल तरच ३१६ चा खर्च करा. खरी भीती या दोहोंची नाही. बाजारात २०२ म्हणून स्वस्त माल येतो, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. तो दिसायला तसाच चकाकतो, त्यालाही लोहचुंबक चिकटत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत वेल्डिंगच्या जोडाजवळ तपकिरी डाग धरतो. लोहचुंबक लावून "हे बघा साहेब, अस्सल आहे" असे कोणी दाखवू लागले तर त्यावर जाऊ नका. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून दाखवायला सांगा.

तरणतलावाची शिडी कापून घेण्याचा विचार सोडून द्यावा. ती सुमारे अर्धा मीटर रुंद असते, म्हणजे तुमच्या ४५ सेंटिमीटरमध्ये बसणारच नाही. तिला बिजागरी नसते आणि तिचा खालचा भाग भिंतीला टेकूनच स्थिर राहतो. होडीसाठी एक इंची नळी, सुमारे दीड मिलिमीटर जाडीची, आणि २८ ते ३० सेंटिमीटर रुंदी योग्य वाटते. ट्रान्सम तिरका असेल तर शिडीच्या पाठीला दोन टेकू द्यावे लागतील, म्हणजे ती उभी राहील आणि पाय होडीखाली जाणार नाहीत. त्या टेकूंना रबरी टोपण हवे. यासाठी मला पुठ्ठ्यावर कापलेला ट्रान्समचा आकार लागेल, तोंडी मापावर मी हे काम करत नाही.

नळीत नळी सरकणारी शिडी करू नये, असे माझे मत आहे. नर्मदेचा गाळ बारीक असतो. तो सांध्यांत बसला की तिसऱ्या वर्षी ती शिडी लाकडी हातोडीने ठोकून उघडावी लागते. मधोमध बिजागरी देऊन वर दुमडणारी करा. तिला वर बांधून ठेवायला पट्टा पाहिजेच, कारण इंदूर ते हनुवंतिया हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता ती ट्रेलरवर खडखडत जाणार.

बडोद्याचा नावाडी (वडोदरा)

माझे मत थोडे निराळे आहे. पाच मीटरच्या होडीवर चार-पाच किलो स्टील अगदी मागच्या टोकाला लटकवायचे, ट्रान्समला भोके पाडायची, आणि वर्षातून दोनदा ते वापरायचे, हा व्यवहार मला पटत नाही. प्रश्नकर्त्यांना ज्या फासाने वाचवले, तोच नीट बनवून घेतला तर काम भागते. मोटारीच्या आसनपट्ट्याचा मजबूत पट्टा घ्यावा, त्याला एकाखाली एक असे दोन फास शिवून घ्यावेत, आणि प्रत्येक फासाच्या तळाशी बागेतल्या पाण्याच्या नळीचा वीतभर तुकडा ओवावा. नळीमुळे फासाचे तोंड उघडे राहते आणि पाय दाबला जात नाही. ती बुडतेही, त्यामुळे पट्टा पाण्यावर तरंगत राहत नाही. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांना पक्की कडी असेल तर एक टोक उजवीकडे आणि दुसरे डावीकडे बांधता येते, म्हणजे फास मधे येतो आणि झुलणे कमी होते. गुंडाळून लहान पिशवीत काठावर ठेवला आणि पिशवीची दोरी बाहेर सोडली की पाणकावळा यांच्या कसोटीलाही तो उतरतो.

आणखी एक, आणि ते शिडीहून महत्त्वाचे. आमच्याकडे विश्वामित्रीत मगरी आहेत हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे बडोदेकर पाण्यात पाय घालण्याआधी दोनदा विचार करतो. आपणही हनुवंतियाला कोणत्या भागात पोहता, ते स्थानिक मच्छिमारांना विचारून ठरवावे.

पाणकावळा

बडोद्याच्या दादांचा फास मी स्वतः दुसरा उपाय म्हणून बाळगतो आणि कोणीही बाळगावा. मात्र फासात उभे राहायला पायात ताकद आणि अंगात तोल लागतो. टिटवी यांनी सांगितलेल्या दुखऱ्या खांद्याला तो चालणार नाही. हलक्या शर्यतीच्या होडीवर, जिथे वयही कमी आणि वजनही कमी, तिथे फास बरोबर; कुटुंबाच्या होडीवर शिडी हवी. शिवाय माझ्या मते मोठ्या माणसाचा भार दोन्ही पायांवर समान येतो तेव्हाच तो धीराने वर येतो, आणि एका फासात तसे होत नाही.

मगरींचे माहीत नाही, पण इंदिरा सागरमध्ये बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत ते विसरू नका. २००४ मध्ये या धरणासाठी हरसूद गाव उठवले गेले आणि त्याच्यासोबत मोठे जंगल पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा वाळलेली खोडे वर डोकावतात आणि हिवाळ्यात तीच वीतभर पाण्याखाली असतात. खाली सोडलेली शिडी होडी सरकताना अशा खोडात किंवा मच्छिमारांच्या जाळ्यात अडकली तर बिजागरीच उपटून निघते. माणूस वर आला की शिडीही लगेच वर, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

भोके पाडण्याविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण शिडी तुटण्याआधी तिची बैठक निखळते. स्क्रू मुळीच वापरू नका. आठ मिलिमीटरचे आरपार बोल्ट आणि आतून आधाराची पट्टी पाहिजे. पट्टीसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लायवुड बारा मिलिमीटर जाडीचा घेऊन त्याला सर्व बाजूंनी इपॉक्सीचा हात द्या. जुन्या फायबरग्लासच्या होड्यांत दोन थरांमध्ये बहुधा लाकूड असते. पहिले भोक पाडताना ड्रिलवर येणारा भुसा बोटांत चोळून पाहा. कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळपट आणि ओला आला तर काम तिथेच थांबवा, कारण ट्रान्समच आतून कुजला आहे आणि शिडीआधी तो दुरुस्त करावा लागेल. लाकूड चांगले असेल तर भोक बारा मिलिमीटरचे करून इपॉक्सीने भरा, ते कडक झाल्यावर त्यात आठचे भोक पाडा. अशाने बोल्ट लाकडाला लागत नाही आणि पाणी झिरपले तरी ते इपॉक्सीशीच थांबते. सीलंट पॉलियुरेथेनचे घ्यावे. खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन इथे टिकत नाही.

शिडाचा नवशिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी काम करून मगच लिहावे असे ठरवले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आम्ही होडी पाण्यात सोडून, आत तिघे बसून, माप पुन्हा घेतले. मागच्या काठाची उंची ४८ नसून ४३ सेंटिमीटर भरली. मी ट्रेलरवर पाण्याची जुनी रेष पाहून मोजले होते. म्हणजे ९९ सेंटिमीटर पुरे, तरी चार पायऱ्यांची ११० चीच करायची ठरवली आहे, कारण मी पाण्यात उतरलो की होडी तेवढी हलकी होऊन ट्रान्सम थोडा वर येतो, आणि पायरी जास्त खोल गेली म्हणून कोणाचे बिघडत नाही. ट्रान्सममध्ये चाचणीचे एक बारीक भोक पाडून पाहिले. भुसा कोरडा आला. भोक लगेच बुजवले.

तरणतलावाचा प्रयोगही केला. मला तीन प्रयत्न लागले. पत्नी पहिल्याच झटक्यात वर आली, आणि त्यावर घरी आता पुरेसे बोलून झाले आहे.

सांवेर रोडच्या भाऊंना पुठ्ठ्याचा आकार कापून दिला आहे. रुंदी ३० सेंटिमीटर, ३०४ ची नळी, सपाट पायऱ्या, मधोमध बिजागरी, मागे दोन टेकू. टिटवी यांच्या सूचनेप्रमाणे दांडे काठाबरोबर ठेवून आतल्या बाजूला वेगळी मूठ बसवणार आहोत. वर बांधायच्या पट्ट्याला मात्र मी आधी बक्कल लावायला सांगितले होते. मग रात्री ध्यानात आले की ते बक्कल आतल्या बाजूला येणार आणि पाण्यातून हात तिथवर पोचणार नाही. आता पट्ट्याऐवजी ओढताच सुटणारी गाठ ठेवली आहे आणि तिचे टोक ट्रान्समवरून खाली, पाण्यापासून वीतभर वर, लोंबत ठेवणार आहे. ते नारिंगी रंगाचे घेतले आहे. रस्त्याने जाताना ती गाठ धक्क्याने सुटू नये म्हणून वर दुसरा पट्टा लागेल. तो पाण्यात उतरण्याआधी काढायचा, हे ट्रेलरच्या दांड्यावर रंगाने लिहून ठेवतो. फासही शिवायला टाकला आहे, रामबागेतल्या ज्या कारागिराकडे शाळेच्या पिशव्या दुरुस्त होतात त्याच्याकडे. त्याने दोनदा विचारले की हे नक्की कशासाठी.